कृष्णाकाठची आवळलेली माती

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला असाल, तर कऱ्हाड मागे पडून ताकारी गेले की किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागते. बहुतेक प्रवासी खिडकीतून एक नजर टाकतात आणि पुन्हा डब्याकडे वळतात. तुम्ही मात्र इथे जरा उतरा. ज्याच्या घरात एकदा तरी लोखंडी नांगर आला, त्याने या मातीला नमस्कार करूनच पुढे जावे.

औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाने माजलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावात असताना त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो हातात धरायला तयार नव्हते. लोखंड लागले की जमिनीत विष कालवले जाते, असा तेव्हाचा समज. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे मात्र लाकडी नांगराला न जुमानणारी हरळी आणि कुंदा हा नांगर उपटून काढतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि तोच नांगर घरोघर गेला.

आज आपण त्या जुन्या समजुतीला हसतो. हसायला हरकत नाही. लोखंडाने जमिनीत विष कालवले नाही हे खरेच. पण तीन दिवस कृष्णाकाठी फिरून परत आलो आणि मनाला एक गोष्ट लागून राहिली. लोखंडाच्या धारेने जे दिले, ते लोखंडाच्या वजनाने आपण हळूहळू परत घेत आहोत. तीच हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. पलूस, भिलवडी, औदुंबर असा मार्ग धरला. औदुंबरला दत्ताचे दर्शन घेतले, घाटाच्या पायरीवर बसून कृष्णेचे पाणी पाहिले. काठाने जिकडे पाहावे तिकडे ऊस. मधूनच हळदीचे हिरवेगार रान, एखादा द्राक्षाचा मळा, आणि पुन्हा ऊस. कारखान्यांचे गाळप सुरू झालेले. रस्त्यावर एकामागे एक ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस वर शिगेपर्यंत रचलेला आणि पुढे कर्ण्यावर गाणे लावलेले. असा एक ताफा शेजारून गेला की पायाखालचा रस्ता हादरतो. रस्ता हादरतो तो खडी-डांबराचा! मग हेच ओझे ओल्या रानात शिरते तेव्हा मातीचे काय होत असेल, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही.

माझे एक जुने स्नेही या भागात राहतात. गावाचे नाव सांगून त्यांना अवघडल्यासारखे करीत नाही. नदीपासून हाकेच्या अंतरावर दोघा भावांची जमीन. काळी, भारी, पुरुषभर खणली तरी मुरूम लागणार नाही अशी. वाटण्या झाल्या, मधे बांध पडला. थोरले स्वतः शेती पाहतात. धाकटे एस.टी.त चालक आहेत, त्यामुळे त्यांचे रान त्यांच्या मंडळीच सांभाळतात. घरात त्यांना सगळे धाकटी म्हणतात.

चहा झाल्यावर थोरले म्हणाले, "पावनं, एकच पाणी, एकच बेणं, खत तर मीच जास्त टाकतोय. तरी माझा ऊस बांधाच्या पलीकडच्यापेक्षा हातभर खुजा. खोडवा तर बघवत न्हाई. काय करणी झाली म्हणावं काय?"

करणी पाहायची तर जमिनीत पाहावी, असे म्हणून आम्ही कुदळ-फावडे घेऊन निघालो. तोड झालेल्या पट्ट्यात दीड हात लांब, दीड हात खोल खड्डा काढला. वरची चार-पाच बोटे माती पिठासारखी भुसभुशीत, कारण रोटाव्हेटर फिरलेला. तिथपर्यंत फावडे लोण्यात गेल्यासारखे गेले. सात-आठ इंचांवर मात्र कुदळीचा आवाजच बदलला. माती निघाली ती ढेकळाची नव्हे, चपट्या पापुद्र्यांची, एकावर एक रचलेल्या भाकरींसारखी. पापुद्र्याची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत. आणि उसाच्या मुळ्या? त्या खाली उतरता उतरता या थरावर आल्या आणि भिंतीला डोके लागलेल्या माणसासारख्या आडव्या वळल्या होत्या. सव्वा फुटाच्या खाली पुन्हा चांगली, ओलसर, मऊ माती होती. पण तिथे एक मूळ दिसेल तर शपथ! खालच्या कोठीत धान्य भरलेले आणि दाराला कुलूप, अशी गत.

बांध ओलांडून धाकटीच्या रानात तसाच खड्डा काढला. तिथेही आठ इंचांवर थोडी कठीण माती लागली, पण ती बोटांनी फुटत होती. तिच्यात गांडुळांची भोके होती आणि त्याच भोकांतून मुळ्या सरळ खाली गेल्या होत्या.

थोरले खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे खत वरच्या वाफ्यातच गेलं म्हणायचं."

मंडळी, इथे जरा थांबून मातीचे गणित समजून घेऊ. चांगल्या जमिनीची एक पाटी माती उचलली, तर तिच्यात खरी माती निम्मीच असते. उरलेली निम्मी जागा पोकळी. त्या पोकळीत निम्मे पाणी आणि निम्मी हवा असली म्हणजे आपण म्हणतो, वापसा आला. जमीन दाबली जाते तेव्हा मातीचे कण चिरडत नाहीत, ही पोकळी चिरडते. त्यातही मोठी भोके आधी मिटतात, म्हणजे ज्यांतून पाणी निचरते आणि हवा खेळते तीच. मग पाणी दिले की वर साचते, पाणी आटले की दगड होतो. मुळांना हवा मिळत नाही. टाकलेल्या युरियातला नत्राचा काही भाग अशा कोंदट मातीत वायू होऊन उडून जातो. पैसे आपले जातात आणि पिकाला काही लागत नाही.

तुम्ही म्हणाल, बैल काय कमी वजनाचे असतात? बैलाचे खूरही माती दाबतातच. पण बैलजोडी आणि औत मिळून वजन एका टनाच्या आसपास, आणि तो दाब वरच्या थरात संपतो. ती माती पुढच्या कुळवणीला मोकळी होते. एक मध्यम ट्रॅक्टरच दोन टनांचा. भरलेल्या दोन ट्रॉल्यांत वीस टनांच्या घरात ऊस असतो. ऊस तोडणीची मोठी यंत्रे दहा टनांच्या वर जातात. टायर रुंद केला, हवा बेताची ठेवली तर वरची माती वाचते. चिखलात काठी रुतते, फळी रुतत नाही, तसे ते आहे. पण दाब किती खोल जाणार हे चाकावर येणाऱ्या एकूण ओझ्यावर ठरते. जड ओझ्याचा दाब दीड-दोन फुटांपर्यंत पोचतो आणि तिथे आपला नांगर कधीच पोचत नाही.

दुसरे कारण आपल्याच हातचे. दरवर्षी त्याच खोलीवर नांगर चालला की फाळाच्या तळाशी माती घासून घासून थर बनतो. नांगरताना ट्रॅक्टरचे एक चाक तासातून चालते, ते त्याच थरावर पुन्हा दाब देते. रोटाव्हेटरचे तेच, फक्त थर आणखी वर. रान वरून गादीसारखे दिसते आणि आत फरशी तयार होते.

आणि तिसरे कारण या काळ्या मातीपुरते खास आहे. आपली काळी जमीन स्वतःची नांगरट स्वतः करणारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते, हात हात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पुन्हा पाऊस आला की फुगून खालची वर येते. जुने लोक म्हणायचे, काळी उन्हाळ्यात तापली की पिकली. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात, त्यावर खोडवा, त्याला उन्हाळाभर पाणी. या जमिनीला उन्हाळा भेटतच नाही! मग भेग पडायची कधी आणि जमीन उकलायची कधी? ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात, ते काही उगाच नाही. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी काठच्या रानांत दिवसच्या दिवस पाणी उभे राहिले. त्यानेही माती बसली.

धाकटीला हे कोणी शिकवले होते का, म्हणून विचारले. ती हसून म्हणाली, "शिकवतंय कोण? एका साली ट्रॉली आत घातली. पुढं वळवाचा पाऊस झाला, तर सगळ्या रानातलं पाणी जिरलं आन चाकोरीतलं चार दिवस तसंच उभं. तवापासून म्हटलं, ट्रॉली बांधावर, मोळी डोक्यावर. तोडकऱ्यांना खुशाली चार पैसे जास्ती पडती, पण रान माझं हाय की हो." तिच्या सासूबाई ओट्यावरून ऐकत होत्या. त्यांनी एवढेच म्हटले, "जमिनीलाबी दम घ्यावा लागतोय. छातीवर बसल्यावर कोण पिकंल?"

दुसऱ्या दिवशी सांगलीस गेलो. आयर्विन पुलावरून कृष्णा ओलांडली की पलीकडे कसबे डिग्रजकडे रस्ता जातो. तिथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. हळद, सोयाबीन यांबरोबर खारवट-चिबड जमिनीचाही अभ्यास तिथे होतो. सांगलीस गेलात तर नुसते मार्केट यार्डात जाऊन परतू नका, या बाजूलाही एक चक्कर मारा.

आणि एक चक्कर हरिपूरला मारा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ, आणि हळदीची पेवे. हळद साठवायला जमिनीत खोल खोल खोदलेली ही पेवे म्हणजे या भागाचे नवलच. इथली माती इतकी घट्ट, की आत हळद वर्षानुवर्षे राहते, तिला ओल लागत नाही की कीड लागत नाही. २००५ च्या महापुराने यांतली बरीच पेवे निकामी केली, तरी हरिपूरचे नाव हळदीशी जोडलेलेच आहे. पेवाच्या तोंडाशी उभे राहून मनात आले, घट्ट माती वाईट कोण म्हणतो? कोठाराला ती सोन्यासारखी. पण आपण पिकाचे रान पेवासारखे घट्ट करतो आणि मग पीक येत नाही म्हणून हळहळतो.

तिथून नृसिंहवाडीला गेलो. पंचगंगा इथे कृष्णेला मिळते. वाडीचे दर्शन, कवठाची बर्फी, बासुंदी हे तुम्हाला माहीत आहेच. पण शिरोळ तालुक्यात फिरताना डोळ्यांना टोचतात ती पांढरी पडलेली रानं. एकेकाळची पहिल्या प्रतीची जमीन, अति पाण्याने आणि निचऱ्याअभावी खारवट झालेली. इथल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, साखर कारखान्याची साथ घेऊन, जमिनीत तीन-चार फूट खोल भोकांचे पाइप पुरून खारे पाणी बाहेर काढण्याचे मोठे काम केले आहे. जिथे हरळीही येत नव्हती तिथे पुन्हा ऊस उभा राहिलेला दिसतो.

हे सांगण्याचे कारण असे, की आवळलेली जमीन आणि क्षारपड जमीन ही दोन दुखणी वेगळी, पण लक्षणे सारखी. दोन्हींत पाणी साचते, दोन्हींत पीक पिवळे पडते. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी ओळख करून घ्यावी. घरच्या घरी करता येतील अशा परीक्षा सांगतो.

पहिली सळईची. पाऊस किंवा पाणी होऊन वापसा आला, की बोटाएवढ्या जाडीची टोकदार सळई दोन्ही हातांनी सावकाश जमिनीत दाबा. जिथे अडकेल तिथे खूण करा. बांधाजवळ, वळणावर, मधल्या रानात, अशा पंधरा-वीस ठिकाणी हे करा. सगळीकडे सळई एकाच खोलीवर अडकत असेल तर तो नांगराचा थर. फक्त चाकोरीत अडकत असेल तर दोष गाड्यांचा.

दुसरी खड्ड्याची. ती वर सांगितलीच. मुळे सरळ की आडवी, ढेकूळ रव्याचे की पापुद्र्याचे, गांडुळे आहेत की नाहीत, मातीला सुवास येतो की कुबट वास येतो, एवढे पाहा.

तिसरी पेल्याची. हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात अलगद सोडा. विहिरीचे खारे पाणी घेऊ नका, परीक्षा फसते. ढेकूळ तसेच राहिले तर माती उत्तम. विरघळून तळाशी बसले पण पाणी निवळ राहिले, तर सेंद्रिय खत कमी पडते आहे. आणि ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला, तर जमिनीत सोडियम माजला आहे असे समजा. तिथे नुसते लोखंड चालवून काही होणार नाही. मातीची तपासणी करून निघेल त्या हिशेबाने जिप्सम आणि निचरा, हाच उपाय.

तिसऱ्या दिवशी पहाटे परत स्नेह्यांच्या गावी पोचलो तो काय, रात्री अवकाळी पाऊस चांगलाच झोडपून गेलेला. थोरल्यांच्या रानात एक पट्टा तोडून पडलेला, बाकी ऊस उभा. बांधावर ट्रॅक्टर ट्रॉल्या लावून तयार. चालक म्हणतो, आत घेतो, अजून रुतणार नाही. मुकादम म्हणतो, टोळी बसवून ठेवता येणार नाही. कारखान्याचा चिटबॉय म्हणतो, आजची पाळी गेली तर पुढचे मी सांगू शकत नाही. तोडलेला ऊस तर वाळतो आहे, दर तासाला वजन कमी. शेजारी म्हणत होते, घाला आत, व्हायचं ते होईल.

बंधूंनो, आपल्यातला कोण अशा वेळी डगमगला नाही? वर्षाचे पैसे एका दिवसावर येऊन ठेपलेले असतात. पुस्तकात लिहिणे सोपे, बांधावर उभे राहणे कठीण.

थोरले वाकले. नऊ इंच खालची माती उकरून त्यांनी हातात घेतली आणि दोन तळव्यांत वळली. तिची पेन्सिलीएवढी वळी सहज झाली, तुटली नाही. त्या वळीकडे ते पाहत राहिले. माती वळली जाते म्हणजे वापसा नाही, ही खूण आदल्या दिवशीच बोलण्यात निघाली होती. वापशावरची माती वळायला गेले की तुटते आणि भुगा होतो.

तेवढ्यात धाकटी बांधावर आली. डोक्यावरचा पदर सावरीत म्हणाली, "भावजी, माझी दोन माणसं आन शेजारची बैलगाडी घ्या. तोडलेला ऊस तेवढा बाहेर काढा. उभा हाय त्याला काय धाड भरलीया? आठ दिवस ऱ्हातोय की."

मग तासभर बोलणी झाली. वर माळाकडे मुरमाड रानात एकाचा ऊस पुढच्या पाळीत होता. तिथे पाणी लगेच निचरते, दोन दिवसांत वापसा येतो. चिटबॉयने त्याला विचारले, त्यालाही लवकर ऊस गेलेला हवाच होता. पाळीची अदलाबदल झाली. तोडलेला ऊस एकाच वाटेने, वाटेवर पाचट अंथरून, मोळ्या डोक्यावरून आणि बैलगाडीतून बांधावर आला. खुशाली जास्त द्यावी लागली, ऊस थोडा वाळला, थोरल्यांची दुपारपर्यंत कुरकूर चालली. पण ट्रॉली आत गेली नाही. संध्याकाळी म्हातारी म्हणाली, "आज रान वाचलं." थोरले काही बोलले नाहीत, पण जेवताना त्यांनी वहिनीला आणखी एक भाकरी वाढायला सांगितली ती धाकटीच्या पानात.

या एका दिवसात जे झाले त्यात सगळे शास्त्र आले. ओल्या रानात पहिली फेरी जाते, तिनेच सगळ्यांत जास्त नुकसान होते. पुढच्या फेऱ्या त्यावर थोडीच भर घालतात. म्हणून गाड्या आत न्यायच्याच असतील तर सगळे रान तुडवू नये, एकच वाट ठरवावी आणि दरसाल तीच वापरावी. तेवढी वाट गेली, बाकी रान राहिले. पावसानंतर गावात हलक्या रानांची तोड आधी, भारी रानांची नंतर, एवढा मेळ दहा शेतकऱ्यांनी मिळून घातला तर कोणाचेच जात नाही. लावण करताना सरी साडेचार-पाच फुटांची ठेवावी, म्हणजे चाक सरीच्या मधून जाते, खोडक्यांवर चढत नाही.

आता आधीच जमीन आवळली असेल तर काय? सबसॉयलर हे साधन आहे, पण ते कोरड्या रानात चालवायचे, एप्रिल-मेच्या उन्हात. ओल्यात चालवले तर ते लोण्यात सुरी फिरवल्यासारखी एक खाच पाडते, खाचेच्या भिंती गुळगुळीत होतात आणि आतला थर जसाच्या तसा. कोरडी माती मात्र तडकत जाते, भेगा दोन्ही बाजूंना पसरतात. थर कुठे आहे हे सळईने आधी मोजावे आणि त्याच्या दोन-तीन इंच खालूनच फाळ न्यावा. उगाच खोल घातला तर डिझेल जाते आणि माती फुटण्याऐवजी फाळाभोवतीच दाबली जाते. दोन ओळींत खोलीएवढे, फार तर दीडपट अंतर ठेवावे. एक तास मारून थांबावे, खणून पाहावे, थर फुटला असेल तरच पुढे जावे.

आणि सबसॉयलर मारला की काम झाले असे समजू नका. पी हळद अन् हो गोरी, असे जमिनीत चालत नाही. मोकळी झालेली माती पहिल्या जड चाकाखाली पूर्वीपेक्षाही सहज बसते. ती मोकळी राहावी म्हणून तिला मुळांचा आधार द्यावा. खोडवा मोडल्यावर लगेच दुसरा ऊस लावू नका. ताग किंवा धैंचा एकरी वीस-पंचवीस किलो पेरा, फुलोऱ्यावर येण्याच्या सुमाराला म्हणजे दीड महिन्याने गाडा. जमले तर एक हंगाम तूर किंवा हरभरा घ्या. तुरीचे सोटमूळ जे करते ते लोखंडाला जमत नाही. आणि एक उन्हाळा तरी रान पाण्यावाचून तापू द्या, त्या भेगा पडू द्या.

पाचट जाळू नका. हेक्टरी सात ते दहा टन पाचट एका उसामागे निघते. ते सरीत ठेवले तर गांडुळे येतात. गांडूळ हा फुकटचा नांगऱ्या. तो दिवसरात्र औत चालवतो आणि त्याच्या औताला चाके नसतात. रोटाव्हेटरची एक फेरी पुरत असेल तर दुसरी मारू नका. नांगरटीची खोलीही दरसाल बदलत राहा.

वरचा थर एक-दोन हंगामांत सुधारतो. दीड-दोन फुटांवरचा थर मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. तिथवर जाणारा दाब टाळणे हाच त्यावरचा खरा इलाज.

परतताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबली. फलाटावर एक आजोबा नातवाला बोटाने कारखाना दाखवत होते. मनात आले, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोखंडाला भिणारे शेतकरी अडाणी नव्हते. जमिनीला काही होऊ नये ही त्यांची काळजी खरीच होती, फक्त कारण चुकले होते. तीच काळजी आज आपण विसरू नये.

तर बंधू-भगिनींनो, हा अंक बाजूला ठेवलात की एक काम करा. वापसा असेल तेव्हा एक सळई आणि एक कुदळ घेऊन आपल्या रानात जा. घरातल्या पोरांनाही बरोबर न्या. दीड हाताचा एक खड्डा काढा आणि मुळे कुठपर्यंत गेली आहेत ते सगळ्यांनी मिळून बघा. जमीन आपल्याला काही सांगत असते. तिचे बोलणे खाली वाकल्याशिवाय ऐकू येत नाही, एवढेच.